ऑस्ट्रेलियातले कर, विषमता आणि डावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नमध्ये जुलै उजाडला की मराठी व्हॉट्सअॅप गटांवर दोन विषय हमखास निघतात. एक आषाढीचा उपास आणि दुसरा टॅक्स रिटर्न, कारण इथलं आर्थिक वर्ष 30 जूनला संपतं. रिटर्नवरून गाडी 'आपल्यालाच एवढा कर का' इथे येते आणि तिथून 'या डाव्यांना अजून काय हवंय' इथे. दरवर्षी तेच प्रश्न, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. माझा कल डावीकडे आहे, हे आधीच सांगून टाकते. जिथे डाव्यांचं मला पटत नाही तिथे तेही लिहिलं आहे. रकमा ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये आहेत, माहिती 2025 च्या अखेरपर्यंतची आहे. तुमचं रिटर्न मात्र तुमच्या अकाउंटंटला विचारूनच भरा.

इथे 'डावे' म्हणायचं तरी कोणाला?

आधी एक घोटाळा निस्तरू. इथली लिबरल पार्टी नावाने उदारमतवादी, पण बसते उजवीकडे. नवीन आलेला आपला माणूस पहिल्या निवडणुकीत इथेच फसतो.

लेबर पार्टी कामगार संघटनांतून निघालेली, मध्यापासून किंचित डावीकडे. पंतप्रधान अँथनी अल्बानीझी त्याच पक्षाच्या डाव्या गटातले, तरी सरकार चालवताना ते फार जपून पावलं टाकतात. लेबरच्या डावीकडे ग्रीन्स, हा पर्यावरणवादी पक्ष. पक्षांच्या बाहेर कामगार संघटनांचा महासंघ एसीटीयू, गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थांची शिखर संघटना अॅकॉस आणि कॅनबेरातली 'द ऑस्ट्रेलिया इन्स्टिट्यूट' ही अभ्याससंस्था. करांबाबतच्या बहुतेक डाव्या कल्पना आधी या बाहेरच्या मंडळींकडून येतात. ग्रीन्स त्या उचलतात, आणि लेबर दहा वर्षांनी त्यातली निम्मी, पाणी घालून, अमलात आणतं. मे 2025 च्या निवडणुकीनंतर सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, लेबर आणि ग्रीन्स एकत्र आले तर तिसऱ्या कोणाची गरज लागत नाही. त्यामुळे 'सिनेटने अडवलं' ही सबब आता चालत नाही.

पगाराचा एवढा मोठा तुकडा कापला जातो. आणि डावे म्हणतात कर कमी आहे?

दोन्ही खरं आहे, आणि या पानावरची पुढची सगळी उत्तरं इथूनच निघतात.

देशाच्या एकूण उत्पन्नाशी ताडून पाहिलं तर ऑस्ट्रेलियाची करवसुली साधारण 30 टक्क्यांच्या आसपास आहे. श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटाची सरासरी 34 च्या आसपास. म्हणजे देश म्हणून ऑस्ट्रेलिया कमी कर घेणाऱ्यांत मोडतो. पण जो कर घेतला जातो त्याचा मोठा भार पगारदारांवर पडतो. डाव्यांची मुख्य तक्रार कराच्या दराबद्दल नाहीच. पैसा कुठून आला यावर कर ठरतो, ही ती तक्रार आहे.

तीन माणसं घ्या. तिघांच्याही हातात 2025-26 या वर्षात 1,00,000 डॉलर आले.

पहिली नर्स. सगळा पगार. पहिल्या 18,200 वर कर नाही, तिथून 45,000 पर्यंत 16 टक्के, पुढे 30 टक्के, आणि वर मेडिकेअरचे, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याचे, 2 टक्के. एकूण 22,788 डॉलर गेले.

दुसऱ्याने वर्षाहून जास्त काळ ठेवलेले शेअर विकले आणि तेवढाच नफा कमावला. भांडवली नफ्यावर 50 टक्के सूट, म्हणजे करपात्र उत्पन्न फक्त 50,000. कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी छोटी सवलतही त्याच्या पदरात पडते, कारण कागदावर तो आता 'कमी उत्पन्नवाला' झाला! मेडिकेअर धरून त्याने भरले साधारण 6,500.

तिसरे गृहस्थ साठी ओलांडून निवृत्त झालेले. सुपरअॅन्युएशनच्या, म्हणजे निवृत्तीसाठीच्या सक्तीच्या बचतीच्या, खात्यातून त्यांनी पेन्शन म्हणून 1,00,000 काढले. त्यांचा कर शून्य.

नर्सने रात्रपाळ्या केल्या. डाव्यांचा सगळा युक्तिवाद या तीन आकड्यांत बसतो. उजव्यांचं उत्तर असं की शेअरमध्ये जोखीम असते, आणि नफ्यातला काही भाग नुसती महागाई असतो. मुद्दा अगदीच पोकळ नाही. 1999 पूर्वी हा कर महागाई वजा करूनच आकारला जायचा. मग उजव्या हॉवर्ड सरकारने ती पद्धत मोडून सरसकट निम्मी सूट दिली. महागाईपुरतीच सूट द्यायची असेल तर जुनी पद्धत परत आणा, असं अनेक डावे म्हणतात, आणि मला ते रास्त वाटतं.

निगेटिव्ह गिअरिंग हे नेमकं काय प्रकरण आहे?

तोट्यातलं घर मुद्दाम बाळगणं.

समजा तुमचा पगार 1,80,000 आहे. कर्ज काढून दुसरं घर घेतलं आणि भाड्याने दिलं. वर्षाचं भाडं आलं 30,000. कर्जाचं व्याज 40,000, आणि एजंटचं कमिशन, काउन्सिलचे रेट्स (पालिकेचा घरकर), दुरुस्ती मिळून 5,000. तोटा झाला 15,000. हा तोटा तुम्ही तुमच्या पगारातून वजा करू शकता. तुम्ही 37 टक्क्यांच्या पट्ट्यात, म्हणून मेडिकेअरसकट 5,850 डॉलर कर वाचला. बाकीचे 9,150 खिशातून गेले, पण तुम्ही निवांत आहात, कारण घराची किंमत वाढणार आणि विकताना निम्मा नफा करमुक्त. तोटा पूर्ण वजा होतो आणि नफ्यावर अर्ध्यावरच कर लागतो. या दोन सवलती एकमेकींचा हात धरून चालतात, एकट्या निगेटिव्ह गिअरिंगने एवढा गोंधळ झाला नसता.

भारतातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. तिकडेही घराचा तोटा पगारातून वजा व्हायचा. 2017-18 पासून त्यावर वर्षाला 2 लाख रुपयांची मर्यादा आली, आणि नव्या करप्रणालीत तर भाड्याने दिलेल्या घराचा तोटा पगारातून वजा करताच येत नाही. म्हणजे ज्या सुधारणेचं नाव काढलं की ऑस्ट्रेलियातले पुढारी घाम पुसतात, ती भारतात अर्थसंकल्पाच्या एका कलमात होऊन गेली.

इथेही एकदा झाली होती. जुलै 1985 मध्ये लेबरच्या हॉक सरकारने, पॉल कीटिंग अर्थमंत्री असताना, भाड्याच्या घरांचा तोटा पगारातून वजा करणं बंद केलं. सप्टेंबर 1987 मध्ये माघार घेतली. तेव्हापासून एक दंतकथा चालू आहे की ते बंद केल्यावर भाडी भडकली. सिडनी आणि पर्थमध्ये भाडी वाढली हे खरं, पण तिथे आधीच रिकामी घरं मिळत नव्हती. बाकी राजधान्यांत तसं झालं नाही. सवलत देशभर बंद झाली होती आणि भाडी वाढली दोनच शहरांत, तर दोष सवलतीच्या माथी कसा मारायचा?

मग डाव्यांना ते साफ बंद करायचंय का?

प्रत्येकाचं वेगळं. लेबरने 2016 आणि 2019 मध्ये म्हटलं होतं की ही सवलत फक्त नव्या बांधलेल्या घरांना ठेवू आणि भांडवली नफ्यावरची सूट 50 वरून 25 टक्क्यांवर आणू. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांना हात लावणार नव्हते. ऑगस्ट 2025 च्या आर्थिक सुधारणा परिषदेत एसीटीयूने सुचवलं की सवलती एका गुंतवणुकीच्या घरापुरत्या ठेवा. ग्रीन्सची मागणीही साधारण त्याच वळणाची.

यातून घरं लगेच स्वस्त होतील असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. किंमती थोड्या हलतील एवढंच. खरा फरक घरांच्या लिलावात पडतो. शनिवारी सकाळी पहिलं घर घ्यायला आलेलं जोडपं आणि चौथं घर घ्यायला आलेला गुंतवणूकदार शेजारी उभे असतात, आणि त्यातल्या एकाच्या बोलीमागे सरकारी तिजोरी उभी असते. पुरेशी घरं बांधली जात नाहीत हा मूळ आजार, तो करांनी बरा होणार नाही. काही डावे हे मान्य करायला फार वेळ लावतात.

एवढं सोपं होतं तर 2019 ची निवडणूक लेबर का हरलं?

18 मे 2019. सगळ्या जनमत चाचण्या लेबरच्या बाजूने होत्या आणि लेबरचे नेते बिल शॉर्टन हरले. निगेटिव्ह गिअरिंगवर खापर फोडण्याची पद्धत आहे, पण तेच धोरण घेऊन ते 2016 मध्येही लढले होते, आणि तेव्हा टर्नबुल यांचं उजवं सरकार 150 पैकी 76 जागांवर कसंबसं तरलं होतं. 2019 मध्ये जड गेलं ते फ्रँकिंग क्रेडिट.

हे समजायला जरा चिकाटी लागते. कंपनीने 100 डॉलर नफा कमावला, 30 कर भरला, 70 लाभांश म्हणून तुम्हाला दिले. त्याच पैशावर दोनदा कर नको म्हणून 1987 पासून कंपनीने भरलेले 30 तुमच्या नावे जमा धरतात. इथपर्यंत सगळ्यांना मान्य. पण ज्याला स्वतःला करच लागत नाही, त्याचं काय? 2000 पासून त्याला ते 30 डॉलर सरकार रोख परत देतं. म्हणजे त्या नफ्यावर शेवटी कोणीच कर भरला नाही. या परताव्यावर वर्षाला 5 अब्जांच्या आसपास खर्च होत होता आणि तो मुख्यतः ज्यांच्याकडे बऱ्यापैकी शेअर आहेत अशा निवृत्तांकडे जात होता. लेबरला ते थांबवायचं होतं. सरकारी पेन्शन घेणाऱ्यांना वगळलंही होतं.

पण विरोधकांनी त्याला 'निवृत्तांवरचा कर' असं नाव दिलं आणि ते चिकटलं. प्रत्यक्षात एकही नवा कर नव्हता, एक परतावा बंद होणार होता. हा फरक सभेत समजावून सांगेपर्यंत लोक घरी गेलेले असतात. लेबरचे तेव्हाचे अर्थप्रवक्ते ख्रिस बोवेन म्हणाले की ज्यांना हे पटत नाही त्यांनी खुशाल आमच्या विरोधात मत द्यावं. लोकांनी तो सल्ला मनावर घेतला. भरीला समाजमाध्यमांवर अफवा की लेबर मृत्युकर आणणार. असा कोणताही प्रस्ताव नव्हता.

त्या रात्रीची भीती लेबरच्या मनातून अजून गेलेली नाही. 2022 मध्ये अल्बानीझी यांनी यातली एकही गोष्ट जाहीरनाम्यात ठेवली नाही, आणि जिंकले.

वारसा कर खरंच नाही? मग तो कधी गेला?

पूर्वी होता, केंद्राचाही आणि राज्यांचाही. क्वीन्सलंडचे मुख्यमंत्री जो बिएल्के-पीटरसन यांनी 1977 मध्ये आपल्या राज्यातला रद्द केला. म्हातारी माणसं मरायला क्वीन्सलंडला जातील या धास्तीने बाकी राज्यं एकेक करून मागे आली, केंद्राने 1979 मध्ये सोडला, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत देशातून तो नाहीसा झाला. भारतातही 1985 मध्ये इस्टेट ड्युटी गेली, 2015 च्या अर्थसंकल्पात संपत्ती करही गेला. याबाबतीत दोन्ही देश सारखेच हळवे.

इथल्या डाव्या अभ्यासकांना वारसा कर हवा असतो. डाव्या पुढाऱ्यांना तो शब्दही तोंडातून काढायचा नसतो.

तिसऱ्या टप्प्याच्या करकपातीत लेबरने शब्द फिरवला, ते कसं समर्थनीय?

शब्द फिरवला, यात वाद नाही. मागच्या उजव्या सरकारने मंजूर केलेली ही कपात जुलै 2024 पासून लागू होणार होती, आणि आम्ही तिला हात लावणार नाही असं अल्बानीझी वारंवार म्हणाले होते. जानेवारी 2024 मध्ये त्यांनी ती बदलली.

मूळ आराखड्यात 2,00,000 कमावणाऱ्याला वर्षाला 9,075 मिळणार होते आणि 45,000 कमावणाऱ्याला काहीच नाही. बदलानंतर पहिल्याला 4,529 आणि दुसऱ्याला 804. बहुसंख्य लोकांना आधीपेक्षा जास्त मिळत होतं, त्यामुळे रागावणारे थोडे निघाले. विरोधकांनी आदळआपट करून शेवटी मतदानात पाठिंबाच दिला. आश्वासन मोडूनही मोठ्या किंमतीशिवाय निभावलं, हा धडा लेबरमधल्या डाव्या गटाने नीट लक्षात ठेवला आहे.

एक गोष्ट मात्र राहते. ज्यांचं उत्पन्न 18,200 च्या खाली आहे त्यांना आयकराच्या कोणत्याही कपातीतून दमडी मिळत नाही.

खाणवाले आणि गॅसवाले कर चुकवतात का?

चुकवतात म्हणणं कायद्याने बरोबर नाही. कायदाच त्यांच्या सोयीचा आहे, आणि तो तसा राहावा म्हणून ते पैसा ओततात. इथे जरा थांबते, कारण ऑस्ट्रेलियाच्या राजकारणातली ही सगळ्यात नाट्यमय करकथा आहे.

मे 2010. वित्तखात्याचे सचिव केन हेन्री यांचा करप्रणालीवरचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातली एक सूचना उचलून तेव्हाचे लेबर पंतप्रधान केव्हिन रड यांनी खाणींच्या जादा नफ्यावर 40 टक्के कर जाहीर केला. तर्क साधा: लोखंडाचा दगड जमिनीतला, जमीन जनतेची. चीनमुळे भाव चढले तर त्यात कंपनीचं कर्तृत्व किती?

खाण कंपन्यांनी सहा-सात आठवड्यांत जाहिरातींवर सुमारे 2 कोटी 20 लाख डॉलर खर्च केले. पर्थमध्ये अब्जाधीशांनीच निदर्शनं केली. मोत्यांची माळ घातलेल्या खाणमालकीण जिना राइनहार्ट ट्रकच्या पाठीवर उभ्या राहून कराविरुद्ध घोषणा देत होत्या. लाल बावट्याचे मोर्चे पाहत मोठं झालेल्या मुंबईकराला हे दृश्य पचवायला वेळ लागतो. 24 जूनला रड यांना त्यांच्याच पक्षाने पायउतार केलं. कारणं आणखीही होती, पण हे मोठं होतं. त्यांच्या जागी आलेल्या जुलिया गिलार्ड यांनी बीएचपी, रिओ टिंटो आणि एक्सट्राटा या तीन कंपन्यांशी बसून तोडगा काढला आणि तो कर 2012 मध्ये सुरू झाला. वजावटी इतक्या की पहिल्या सहा महिन्यांत हाती आले 12 कोटी 60 लाख, अपेक्षा होती अब्जांची. वाघ म्हणून आणला आणि मांजर निघालं. 2014 मध्ये उजव्या अॅबट सरकारने तो मोडीत काढला तेव्हा कोणी अश्रू ढाळले नाहीत.

पण गोष्ट तिथे संपली नाही. 2022 मध्ये क्वीन्सलंडच्या लेबर सरकारने कोळशाच्या रॉयल्टीला नवे टप्पे जोडले: टनाला 175 डॉलरच्या वरच्या भागावर 20 टक्के, 225 च्या वर 30, आणि 300 च्या वर 40. भाव पडले तर दर आपोआप उतरतात. कंपन्यांनी आकाशपाताळ एक केलं. राज्याच्या तिजोरीत अब्जावधी आले. 2024 मध्ये सत्ता बदलली तरी नव्या उजव्या सरकारने ते टप्पे तसेच ठेवले. जमिनीवरची खनिजं राज्यांची असल्यामुळे हे राज्याला करता आलं. रड यांचा कर समजावून सांगायला अर्थतज्ज्ञ लागत होते, हा मात्र एका वाक्यात सांगता येतो.

किनाऱ्यापासून दूर समुद्रातला गॅस केंद्राचा. त्यावर पेट्रोलियमच्या जादा नफ्यावरचा 40 टक्के कर आहे, पण उभारणीचा खर्च वर्षानुवर्षं पुढे ओढत नेता येतो. त्यामुळे एलएनजीच्या (द्रवरूप नैसर्गिक वायूच्या) मोठ्या प्रकल्पांकडून दीर्घकाळ जवळपास काहीच आलं नाही. 2023 मध्ये सरकारने वजावटीला उत्पन्नाच्या 90 टक्क्यांची मर्यादा घातली. डाव्यांच्या मते हे दात कोरून पोट भरण्यासारखं आहे, आणि ते नॉर्वेकडे बोट दाखवतात. तिथे तेल-वायूच्या नफ्यावर एकूण 78 टक्के कर आहे.

'या करापेक्षा विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कर्जफेडीतून सरकारला जास्त मिळतं' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. आकडा बरोबर आहे, तुलना थोडी चलाख आहे. कर्जफेड म्हणजे कर नव्हे, आणि गॅस कंपन्या कंपनी करही भरतात. तरी ऐकल्यावर राग येतो, आणि वाक्य बनवलंही त्यासाठीच.

मोठ्या कंपन्या शून्य कर भरतात, हे खरं?

करखातं दरवर्षी मोठ्या कंपन्यांची यादी नावानिशी जाहीर करतं. त्यातल्या साधारण तीनपैकी एक कंपनी त्या वर्षी कर भरत नाही. काहींना खरोखर तोटा झालेला असतो, काही जुना तोटा वापरतात, आणि काहींचा नफा परदेशातल्या भगिनी कंपनीला व्याज देण्यात विरघळतो. डाव्यांचा रोख या तिसऱ्या प्रकारावर असायला हवा. बरेचदा ते तिन्ही एकाच पोत्यात भरतात.

सुपरवर नवा कर येतोय. माझ्या म्हातारपणाच्या पैशावर डोळा?

तुमच्या खात्यात 30 लाख डॉलर असतील तर हो. नसतील तर चहा प्या.

सुपर म्हणजे आपल्या पीएफचा चुलतभाऊ. 1992 मध्ये कीटिंग यांच्या लेबर सरकारने ते सक्तीचं केलं, तेव्हा मालकाचा हिस्सा 3 टक्के होता, जुलै 2025 पासून 12 टक्के आहे. आत जाताना 15 टक्के कर, आत वाढताना 15 टक्के, आणि निवृत्तीनंतर ठरावीक मर्यादेपर्यंत शून्य. ज्याच्या पगारावर 45 टक्के कर लागतो त्याला हा 15 चा दर म्हणजे घबाड. सरकार या सवलतींपायी दरवर्षी जे उत्पन्न सोडतं ते आता वृद्धापकाळ पेन्शनच्या खर्चाच्या जवळ पोचलंय. निवृत्तीसाठीचं खातं काही घराण्यांत वारसा पुढे देण्याची तिजोरी झालं आहे.

फेब्रुवारी 2023 मध्ये अर्थमंत्री जिम चामर्स यांनी 30 लाखांवरच्या शिलकीच्या कमाईवर आणखी 15 टक्के कर जाहीर केला. सरकारच्या हिशेबाने सुरुवातीला सुमारे 80,000 लोकांना लागू. पण त्यात न विकलेल्या मालमत्तेच्या कागदी वाढीवरही कर होता, आणि 30 लाखांची मर्यादा महागाईबरोबर वाढणार नव्हती. यावर उजवे ओरडले ते अपेक्षितच, पण खुद्द कीटिंगही नाराज होते. ऑक्टोबर 2025 मध्ये चामर्स यांनी दोन्ही गोष्टी मागे घेतल्या, मात्र 1 कोटीच्या वरच्या शिलकीसाठी एकूण 40 टक्क्यांचा दर घातला. आरंभ जुलै 2026 पासून ठरवला. ग्रीन्स याला माघार म्हणतात. मला वाटतं, कागदी नफ्यावरचा कर लोकांच्या गळी उतरणारच नव्हता.

एक गोष्ट मात्र डाव्यांच्या भाषणांत कधी ऐकू येत नाही. तात्पुरत्या व्हिसावर आलेला आपला विद्यार्थी किंवा आयटीवाला देश सोडताना सुपर काढतो, तेव्हा त्यातले साधारणपणे 35 टक्के कापले जातात. तो मतदार नाही, म्हणून त्याचं दुःख कोणाच्याच जाहीरनाम्यात नाही.

जीएसटी 10 वरून 15 करा, सगळे प्रश्न सुटतील. डावे आडवे का येतात?

कारण हातावर पोट असलेला माणूस मिळेल तेवढं खर्च करतो आणि श्रीमंत बराच पैसा साठवतो. खर्चावरचा कर त्यामुळे गरिबाला टक्केवारीने जास्त बसतो. हॉवर्ड यांनी 1 जुलै 2000 पासून जीएसटी आणला तेव्हा ताजं अन्न वगळलं गेलं, तेही सिनेटमधल्या डेमोक्रॅट्स या छोट्या पक्षाने अडून बसल्यामुळे. सॅनिटरी पॅडवर मात्र 2018 च्या शेवटापर्यंत कर होता. याबाबतीत भारत सहा महिने आधी सुधारला. गरिबांना भरपाई देऊन जीएसटी वाढवता येईल असं म्हणणारे काही मध्यममार्गी आहेत. पण ती भरपाई पुढचं सरकार गोठवतं, हा अनुभव असल्यामुळे अॅकॉस आणि संघटना त्यावर विसंबत नाहीत.

स्टँप ड्युटीचं काय?

इथे डाव्यांची गंमत बघा. 1942 मध्ये युद्धकाळात आयकर केंद्राने ताब्यात घेतला, तेव्हापासून राज्यं स्टँप ड्युटी, पेरोल टॅक्स (मालकाने पगारांवर भरायचा कर) आणि जुगाराची यंत्रं यांवर जगतात. घर बदललं की मोठी रक्कम भरा, यापेक्षा जमिनीवर दरवर्षी थोडा कर घ्या, हे जवळपास सगळ्या अर्थतज्ज्ञांचं मत आहे. कॅनबेराचं लेबर सरकार 2012 पासून वीस वर्षांच्या बेताने तिकडे सरकतंय. न्यू साउथ वेल्समध्ये पहिलं घर घेणाऱ्यांना हा पर्याय दिला उजव्या सरकारने, आणि 2023 मध्ये निवडून आल्यावर तो बंद केला लेबरने, 'राहत्या घरावर कर' म्हणून. जमिनीवरचा कर हा श्रीमंतांकडून घ्यायचा सगळ्यात जुना आणि न लपवता येणारा कर. त्यालाच कामगारांच्या पक्षाने बुडवावं, हे मला अजून उमगलेलं नाही.

अब्जाधीशांच्या संपत्तीवर 10 टक्के कर. हे शक्य तरी आहे का?

2025 मध्ये ग्रीन्सने हा प्रस्ताव मांडला. देशातल्या दीडशेच्या आसपास अब्जाधीशांच्या संपत्तीवर दरवर्षी 10 टक्के, आणि त्या पैशातून मेडिकेअरमध्ये दातांचे उपचार. लेबरने तो दारातही उभा केला नाही. दातांचा भाग मला मनापासून पटतो, एका रूट कॅनालच्या पैशात पुण्याला जाऊन येता येतं. पण 10 टक्के म्हणजे संपत्ती वाढते त्याहून वेगाने ती घटवणं, आणि शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचं मोल ठरवण्यातच वकिलांची पोटं भरतील. 2 टक्के म्हटले असते तर चर्चा तरी झाली असती.

विषमता फक्त करांनी कमी होते का?

नाही, आणि याचा पुरावा 2020 मध्ये सगळ्यांनी पाहिला.

देशातल्या वरच्या 20 टक्के कुटुंबांकडे एकूण संपत्तीतला साठ टक्क्यांहून जास्त वाटा आहे. पण सगळ्यात खालच्या माणसाला त्याहून जास्त फरक पडतो तो बेकारभत्त्याने. एप्रिल 2020 मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, उजव्या मॉरिसन सरकारने पंधरवड्याला 550 डॉलर जादा देऊन हा भत्ता जवळजवळ दुप्पट केला. गरिबी धाडकन खाली आली. लोकांनी थकलेलं भाडं दिलं, मुलांना फळं घेतली, दात काढून घेतले. मार्च 2021 अखेर ती वाढ गेली आणि जागी आले पंधरवड्याला 50 डॉलर. 2023 मध्ये सरकारच्याच तज्ज्ञ समितीने भत्ता पेन्शनच्या 90 टक्क्यांपर्यंत न्या म्हटलं, लेबरने 40 डॉलर वाढवले. स्वतःला डावं म्हणवणाऱ्या सरकारचं हे सगळ्यात लाजिरवाणं पान आहे.

दुसरं पान रोबोडेटचं, ते आधीच्या उजव्या सरकारचं. वर्षाच्या उत्पन्नाची सरासरी काढून संगणकाने लाखो गरिबांना खोटी देणी पाठवली. सगळं बेकायदा होतं, हे शाही आयोगाने 2023 मध्ये सविस्तर नोंदवलं. वरच्यांना सवलत मागायला अकाउंटंट असतो. खालच्यांना आपण काही बुडवलेलं नाही हे सिद्ध करायला जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या शोधाव्या लागल्या.

महाराष्ट्राला याची एक बाजू चांगली माहीत आहे. पगारातून जो व्यवसाय कर कापला जातो, तो 1975 मध्ये रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला सुरू झाला. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामाचे पैसे द्यायचे. पैसा कशासाठी ते दिसलं की कर कमी बोचतो. मेडिकेअरच्या 2 टक्क्यांवर इथे कोणी फारसं कुरकुरत नाही, ते त्यामुळेच.

आपल्यातल्या कित्येकांकडे भाड्याचं घर आहे. डाव्यांना मत देणं म्हणजे पायावर धोंडा नाही का?

प्रामाणिक प्रश्न. गणपतीच्या जेवणावळीत श्रीखंडापेक्षा जास्त चर्चा 'इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टी'ची होते, आणि मी त्या पंक्तीत असते. आजवरचे लेबरचे प्रस्ताव आधीच घेतलेल्या घरांना हात न लावणारे होते, एवढं लक्षात ठेवा. आणि एक हिशेब घरी करून बघा: त्या घरापायी वर्षाला जो कर वाचतो तो एका बाजूला, आणि मुलाला पुढे त्याच उपनगरात घर घ्यायला तुम्हाला द्यावी लागणारी रक्कम दुसऱ्या बाजूला. आमच्या घरी हा हिशेब मांडला तेव्हा नवरा बराच वेळ गप्प होता.

मी पीआर (कायम रहिवासी) आहे. कर भरतो, तर मत देता येतं का?

नाही. केंद्राच्या निवडणुकीत मत देण्यासाठी नागरिकत्व लागतं. त्यासाठी सर्वसाधारणपणे चार वर्षांचं कायदेशीर वास्तव्य हवं, त्यातलं शेवटचं एक पीआर म्हणून. नागरिक झालात की मतदान सक्तीचं आहे, न केल्यास 20 डॉलर दंड. मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा असतो, त्यामुळे ग्रीन्सना 1 आणि लेबरला 2 दिलंत तर मत वाया जात नाही, पहिला उमेदवार बाद झाला की ते दुसऱ्याकडे जातं. सगळ्या चौकोनांत आकडे भरा. एकाहून जास्त चौकोन रिकामे सोडलेत तर कनिष्ठ सभागृहाची मतपत्रिका बाद होऊ शकते.